खोकला येत नाही म्हणजे गिळणं ठीक आहे का? (पॅरालिसिसनंतर, नाशिक)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना (वय ७४) मागच्या महिन्यात पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालंय पण समजतं सगळं. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली ती अजून आहे, आता घरी आणलंय, गंगापूर रोडला. तर घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. नणंदबाई म्हणतात मी चमच्याने चहा दिला, थोडा वरणभात भरवला, एकदाही ठसका लागला नाही, मग ती नळी कशाला, माणूस नळीनेच खचतो. मिस्टरांचं म्हणणं न्यूरोच्या डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करा सांगितलंय ना, मग तोवर थेंब पण नको. मला दोघांचं पटतं हीच अडचण. आणि बोलायला शिकवणारे थेरपिस्ट गिळण्याचं काय बघणार हे पण कळत नाही. कुणाला अनुभव? बाकी तब्येत बरी आहे, संध्याकाळी जरा अंग कोमट लागतं, हवा बदललीये म्हणून असेल.

तर्रीबाज_सातपूर
घरात दोनच पार्ट्या? सुखी आहात ताई, आमच्याकडे प्रत्येक माणूस अपक्ष आहे.
विनोद सोडा, अण्णांना लवकर बरं वाटू दे. वाचतोय.

पंचवटीकर
नणंदबाई बरोबर आहेत. आमच्या आजोबांना असंच झालं होतं, तेव्हा कुठल्या आल्या नळ्या. आजी मांडीवर डोकं घेऊन पेज भरवायची, पाठीवर थाप मारायची. अन्न पोटात गेल्याशिवाय अंगात ताकद कशी येणार? आजकाल प्रत्येक गोष्टीची तपासणी आणि प्रत्येक तपासणीचं बिल.

निवृत्त_मेट्रन
पंचवटीकर, मांडीवर डोकं म्हणजे आडवं करून भरवणं. राग मानू नका पण असं अजिबात करायचं नाही.
गोदाकाठ, तुम्ही शेवटी जे सहज लिहून गेलात तेच मला खटकलं. संध्याकाळी अंग कोमट लागतं म्हणजे थर्मामीटरने किती? चहा दिल्यावर आवाज बदलतो का, पाण्यातून बोलल्यासारखा? श्वास जोरात चालतो का, छातीत घरघर? माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, पॅरालिसिसच्या पेशंटला तोंडाने द्यायला लागल्यावर ताप आला की हवा-पाण्याला दोष देत नाही मी, आधी छाती बघते. चहा आजच बंद करा आणि डॉक्टरांना ताप कळवा. नळीतून देतानाही डोक्याकडची बाजू उंच हवी, सपाट झोपवून देऊ नका.

गोदाकाठ
मेट्रनताई, आत्ताच मोजला, ९९.८ आहे. आणि हो, चहा प्यायल्यावर आवाज ओलसर होतो, गुळण्या करताना बोलल्यासारखा, नंतर आपोआप जातो. आम्हाला वाटलं कफ आहे. खोकला मात्र खरंच नाही.

कंठमणी
मी स्पीच थेरपिस्ट, नाशकातच प्रॅक्टिस करते. गिळण्याचं आमच्याकडे काय काम हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र, बोलायला जे वापरतो तेच गिळायला वापरतो, आणि त्यांना चालवणाऱ्या नसाही त्याच. मेंदूतून थेट निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी पाचवी चावायला, सातवी ओठ-गालाला, नववी-दहावी घशाला आणि बारावी जिभेला.

आता मुख्य मुद्दा, जरा लांबण लागेल. घसा म्हणजे उड्डाणपूल व्हायच्या आधीचं द्वारका सर्कल आहे. हवा नाकातून येऊन पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते, अन्न तोंडातून येऊन मागच्या अन्ननलिकेत जातं, म्हणजे दोन्ही रस्ते एकमेकांना कापतात. जिभेने घास मागे ढकलला की साधारण एका सेकंदात मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, कंठमणी वर आणि पुढे सरकतो (गळ्याला बोट लावून थुंकी गिळा, कळेल), त्याच्यावरची एपिग्लॉटिस नावाची झाकणी मागे कलंडते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी जो स्नायू एरवी कायम आवळलेला असतो तो तेवढ्यापुरता सैल पडतो. घास गेला की सगळं परत जागेवर. पुढे अन्ननलिकेच्या २५ सेंटिमीटरमधून पोटात पोचायला घासाला आठ-दहा सेकंद मिळतात, तिथे घाई नाही. सगळी धावपळ त्या पहिल्या सेकंदाची, आणि पॅरालिसिसमध्ये नेमका तोच बिघडतो. हे सगळं सुरूच उशिरा होतं आणि चहा-पाणी पातळ असल्याने तोवर थांबत नाही.

ठसका का लागतो? तर स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला स्पर्श कळतो म्हणून. ती जाणीवच बधिर झाली असेल तर चहा स्वरतंतूंच्या खाली उतरतो आणि माणूस निवांत बसलेला असतो. आम्ही याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतो. तपासणीत १ ते ८ अशी एक मोजपट्टी वापरतात, १९९६ पासून आहे. १ म्हणजे श्वासमार्गात काहीच गेलं नाही. ७ म्हणजे स्वरतंतूंच्या खाली गेलं, शरीराने बाहेर काढायची धडपड केली पण निघालं नाही. आणि सगळ्यात वाईट जो ८, तो म्हणजे खाली गेलं आणि शरीराने काही केलंच नाही. म्हणजे खोकणारा पेशंट ७ वर आणि न खोकणारा ८ वर. नणंदबाईंना एवढं दाखवा.

तर्रीबाज_सातपूर
उड्डाणपूल झाल्यावर तरी खाली काय फरक पडला हो? द्वारकेला सकाळी दहाला उभा राहतो मी, रिक्षा चारी बाजूंनी. आपला घसा रोज इतक्या वेळा हे निभावतो म्हणजे महापालिकेपेक्षा भारीच.

कॉलेजरोडी
पण आमच्या मामांना डॉक्टरांनी घशाला मागे चमचा लावून उबळ येते का बघितलं होतं, उबळ आली, म्हणाले घसा चालू आहे, द्या खायला. मग एवढ्या तपासणीची काय गरज?

कंठमणी
@कॉलेजरोडी ही समजूत फार जुनी आहे आणि अजून वॉर्डात फिरते. उबळ ही नको असलेली वस्तू बाहेर फेकायची क्रिया, गिळणं ही आत न्यायची. कित्येक धडधाकट माणसांना चमचा लावला तरी उबळ येत नाही आणि ती आरामात जेवतात. उलट उबळ येणाऱ्या पेशंटच्या छातीत पाणी उतरताना मी स्क्रीनवर बघितलंय. उबळीवरून गिळणं ठरवता येत नाही.

पाथर्डीफाटा
आईला पार्किन्सन्स आहे, तिची तपासणी झाली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, सविस्तर लिहितो.

मला वाटलं थेरपिस्ट आल्या आल्या पाणी पाजून बघतील. तसं काही नाही. आधी नुसतं आई किती जागी आहे, ताठ बसते का, थुंकी ओठातून गळते का बघितलं. मग टॉर्च लावून तोंड उघडायला सांगितलं तर डाव्या गालाच्या आत सकाळचे पोहे! दुपारी एक वाजता. आईला पत्ताच नाही. कवळी पण सैल निघाली. मग गाल फुगवून धरा, जीभ बाहेर काढा, जिभेने गाल आतून ढकला आणि त्या बाहेरून बोटाने दाब देणार. 'आ' म्हणायला लावून टाळू दोन्हीकडे सारखा उचलतो का बघितलं, लांब 'ईईई' म्हणायला लावलं, मुद्दाम खोकायला लावलं. आईचा खोकला म्हणजे नुसता हुंकार, तो त्यांनी लिहून घेतला.

मग चार बोटं गळ्यावर ठेवली, पहिलं हनुवटीखाली मऊ भागावर, दुसरं त्याच्या खालच्या बारीक हाडावर, उरलेली दोन कंठमण्यावर. अर्धा चमचा पाणी दिलं आणि कंठमणी किती वर येतो, किती उशिरा येतो हे बोटांनी बघितलं. प्रत्येक घोटानंतर परत 'आ', ओला आवाज येतो का ऐकायला. मग दही, मग बिस्किट. आई एकदाही खोकली नाही, मी मनात म्हटलं पास. त्या म्हणाल्या मला शंका आहे, फीस करून घेऊ.

तर फीस म्हणजे नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घशाच्या वर नेऊन ठेवतात आणि पेशंटला खायला देतात. पाण्यात आणि दह्यात हिरवा रंग टाकला होता. गिळताना क्षणभर स्क्रीन पांढरी होते कारण घसा दुर्बिणीभोवती आवळतो. पांढरं गेलं की बघा, जिभेच्या मुळाशी दही तसंच आणि दोन्ही बाजूंच्या खोबणीत हिरवं पाणी साठलेलं. आई म्हणे "घशात काही नाहीये माझ्या, गिळलं मी सगळं." आणि आमच्या डोळ्यांसमोर ते पाणी हळूच कडेवरून स्वरयंत्रात ओघळलं. तरी खोकला नाही.

आता प्रत्येक घासाला दोनदा गिळते, दुसऱ्यांदा जोर लावून, हनुवटी थोडी खाली. आणि जेवण पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चालू असताना, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तर्रीबाज_सातपूर
फीसची फी किती ते पण लिहा.

पाथर्डीफाटा
जागेप्रमाणे बदलते, फोन करून विचारा. पण ईएनटीकडे दुर्बीण असते म्हणजे ते ही तपासणी करतातच असं नाही, हेच स्पष्ट विचारायचं, की दुर्बीण आत असताना खायला देऊन बघता का.

देवळाली_कॅम्प
आमच्या काकूंना एक्स-रेखाली बसवून पांढरं पाणी पाजलं होतं, ती हीच का?

कंठमणी
ती वेगळी. त्यात खाण्यात बेरियम मिसळतात आणि बाजूने चालता एक्स-रे घेतात, म्हणजे ओठांपासून अन्ननलिकेपर्यंत गिळण्याचा तो क्षण पूर्ण दिसतो. फीसमध्ये नेमका तो क्षण पांढरा होतो, पण गिळायच्या आधी काय सांडलं आणि नंतर काय उरलं ते रंगीत दिसतं, थुंकी साठते ती दिसते, किरणांचा प्रश्न नाही आणि पेशंटच्या बेडजवळ करता येते. फीसची पद्धत पहिल्यांदा मांडली गेली १९८८ मध्ये. अमकी भारी तमकी कमी असं नाही, प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. नाशकात नाहीच जमलं तर पंचवटीने मुंबई, नायर हॉस्पिटलला किंवा बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. आणि कुणाकडेही गेलात तरी थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पंचवटीकर
पंचवटी एक्सप्रेसबद्दल बोलताय तेवढं ठीक, मला वाटलं माझ्यावर घसरलात.

पिंपळगाव_बागायतदार
विषय थोडा वेगळा पण गिळण्याचाच आहे म्हणून लिहितो. वडिलांना घास छातीत अडकायचा, भाकरी पण आणि पाणी पण. जेवता जेवता उठून पडवीत फेऱ्या मारायचे, छाती ताणायचे, मग उतरायचं. रात्री झोपेत न पचलेलं अन्न तोंडात यायचं, उशी ओली. किती तरी दिवस अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या, गावातले म्हणायचे म्हातारा जेवायला नाटक करतो. शेवटी दुर्बीण, बेरियम आणि मॅनोमेट्री नावाची नळीची तपासणी झाली, निघालं अकॅलेशिया. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथली झडप सैलच पडत नव्हती. तोंडातून दुर्बीण घालून आतून स्नायू कापला, आता द्राक्षाच्या हंगामात मजुरांबरोबर पंगतीला बसतात.

निवृत्त_मेट्रन
दादा, द्राक्षावरून आठवलं, घरात लहान मुलं किंवा असे पेशंट असतील तर अख्खं द्राक्ष देऊ नका. गोल, गुळगुळीत, नेमकं श्वासनलिकेवर बसतं. उभे चार तुकडे करून द्या.

कंठमणी
बागायतदार दादांनी लिहिलं ते महत्त्वाचं आहे, कारण सगळ्याच अडचणी माझ्याकडच्या नसतात. गिळता गिळता लगेच ठसका, नाकातून पाणी, ओला आवाज असेल तर बिघाड बहुतेक घशात. गिळून काही सेकंदांनी छातीत अडकलं असेल तर अन्ननलिकेत. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर हालचालीचा बिघाड, अकॅलेशियासारखा. पण आधी पोळी अडकायला लागली, मग भात, मग पातळ, आणि वजन उतरतंय, तर थेरपिस्ट वगैरे नंतर, आधी पोटाच्या डॉक्टरांकडून एंडोस्कोपी, कारण तिथे गाठ नाही ना हे बघावंच लागतं. आणि पेशंट बोट दाखवतो त्या जागेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, खाली अडलेलं कित्येकदा गळ्यात अडल्यासारखं वाटतं.

सिडको_मावशी
मला मात्र एक तक्रार आहे. माझ्या भावाला तपासणी झाल्यावर पाणी पावडर घालून जाड करून द्या सांगितलं. तो ते पीतच नसे. म्हणे हे पाणी आहे का खळ? लघवी कमी झाली, जीभ कोरडी, शेवटी सलाइन लावायला न्यावं लागलं. माणूस पाणी पाणी करत असतो आणि आपण त्याच्या हातात खळीचा पेला देतो. सांगणाऱ्यांनी हे पण सांगावं.

कंठमणी
मावशी, तुमची तक्रार रास्त आहे. जाड केल्याने चुकीच्या वाटेने जाण्याचं प्रमाण कमी होतं, पण माणूस कमी पितो, आणि न्यूमोनिया किती टळतो याबद्दल आमच्यातच वाद आहेत. म्हणून सरसकट सगळ्यांना जाड पाणी हा आळशीपणा झाला. काही पेशंटना तोंड स्वच्छ घासून, जेवणाच्या वेळा सोडून साधं पाणी थोडं थोडं देता येतं, पण ते तपासणी करून ठरवायचं. तोंडाची स्वच्छता तर नळी असली तरी हवीच. नळीमुळे थुंकी चुकीच्या वाटेने जायची थांबत नाही, आणि घाणेरड्या तोंडातली थुंकी छातीत गेली की जंतू आयते पोचतात.

जाड किती हे पण अंदाजाने नको. त्यासाठी ० ते ७ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पातळ पदार्थ १० मिलिच्या सिरिंजमध्ये भरायचा, खालून बोट काढायचं, १० सेकंदांनी परत धरायचं आणि किती उरलं बघायचं. १ मिलिपेक्षा कमी उरलं तर पातळ, १ ते ४ उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर तिसरी. सिरिंज कुठली चालते ते थेरपिस्टला विचारून घ्या, सगळ्यांची लांबी सारखी नसते. नाचणीची आंबील गरम असताना एक आणि गार झाल्यावर भलतीच निघते, देताना असेल तशी मोजा. अजून एक, स्टार्चची पावडर असेल तर तोंडातला चमचा परत पेल्यात घालू नका, थुंकीने स्टार्च फुटतो आणि पेला पुन्हा पातळ होतो. झॅन्थन गमच्या पावडरीला तसं होत नाही.

तर्रीबाज_सातपूर
मग पहिली परवानगी मिळाली की अण्णांना मिसळ चालेल का? घन, पातळ, सगळं एकाच वाटीत.

कंठमणी
तेच तर वाईट 😄 मिसळ म्हणजे आमच्या परीक्षेतला शेवटचा पेपर. मटकी चावायची, फरसाण कुरकुरीत, वरून पातळ रस्सा. माणूस चावत असतो आणि रस्सा त्याच्या आधीच घशात उतरतो. वर तिखट. चिवडा पण तसाच, भुगा तोंडभर पसरतो आणि गोळा होत नाही. साबुदाण्याची खिचडी चिकटते. मऊ भात, पातळ पाणी न सुटणारं घट्ट वरण, शिरा, यावर पेशंट लवकर स्थिरावतात.

तर्रीबाज_सातपूर
नाशिककर माणसाला मिसळ, चिवडा आणि द्राक्ष तिन्ही बंद. नागरिकत्वच काढून घेतलंत.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, थोडं सांगते. मेट्रनताईंनी लिहिल्यावर त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, एक्स-रे काढला तर उजव्या फुफ्फुसात खाली डाग. अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरलाय. तोंडाने सगळं बंद. मग थेरपिस्ट घरी आल्या, पाथर्डीफाटा यांनी लिहिलंय जवळजवळ तसंच सगळं केलं. अण्णांना बेडवर नाही, खुर्चीत ९० अंशात बसवलं. अर्ध्या चमच्या पाण्याला आवाज ओला झाला आणि खोकला शून्य. लगेच थांबवलं त्यांनी. छाती साफ झाली की फीस करायचं ठरलंय. त्या म्हणाल्या अ‍ॅटॅकनंतर सुरुवातीला निम्म्या पेशंटना तरी गिळायला त्रास असतो आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत सुधारतं, पण लांबलंच तर नाकातल्या नळीऐवजी पोटातून नळीचा विचार करावा लागेल. नणंदबाई हा धागा वाचून गप्प आहेत, आज तोंड पुसायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. मिस्टर मात्र उगाच जिंकल्यासारखे फिरतायत.

पंचवटीकर
फुफ्फुसात डाग म्हणजे गंभीरच. अण्णांना लवकर आराम पडो. पेज भरवायचा सल्ला मी मागे घेतो, पाठीवर थाप मात्र प्रेमाची होती.

गोळीपुडी_मेनरोड
माझं मेडिकल आहे, एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून लिहितो. अण्णांच्या गोळ्या नळीतून कशा देता? बरेच जण सगळ्या एकत्र खलात कुटतात आणि घालतात, नळी तुंबते मग माझ्याकडे येतात. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड, पाण्यात कालवून, मध्ये आणि शेवटी साधं पाणी. आणि नावापुढे एसआर, एक्सआर असं काही असेल ती कुटायचीच नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

गोदाकाठ
बापरे, मी सगळ्या एकत्रच कुटत होते. पँटोप्रॅझोल आणि इकोस्प्रिन पण आहे त्यात.

गोळीपुडी_मेनरोड
दोन्हीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, दोन्ही कुटायच्या नाहीत. पण रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद पण करू नका, अ‍ॅटॅकनंतर ती लागते. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून नळीतून चालणारा पर्याय लिहून घ्या, साधी अ‍ॅस्पिरिन आवरणाशिवाय मिळते आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधातही पर्याय आहेत. बाकीच्या गोळ्यांची नावं इथे टाका, रात्री दुकान बंद केलं की बघतो.